जुना डेस्कटॉप, नवं ग्राफिक्स कार्ड आणि आपलं संशोधन

नेट-सेटची किंवा पेटची तयारी करणारी मुलं मला अधूनमधून एक प्रश्न विचारतात. "घरी जुना डेस्कटॉप आहे. त्यात ग्राफिक्स कार्ड टाकलं तर गेमही नीट चालतील आणि पुढे पीएचडीचं कामही होईल का?" पंचवीस वर्षांपूर्वी असा प्रश्न कोणी विचारला असता तर प्राध्यापकांनी हसून सोडून दिला असता. गेम वेगळे, गणनाचं काम वेगळं. आज मात्र प्रश्न अगदी रास्त वाटतो, आणि उत्तरही बहुतेक वेळा "हो, पण" असंच येतं. या "हो" मागचा आणि त्या "पण" मागचा इतिहास एकच आहे, म्हणून आजची पोस्ट त्याच्यावर.

सुरुवात १९९६ पासून करू. त्या वर्षी आयडी सॉफ्टवेअरचा क्वेक हा गेम आला. क्वेकमधल्या भिंती, जिने, राक्षस सगळं खऱ्या अर्थाने त्रिमितीय होतं, आणि हे सगळं चित्र कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर स्वतः, एकेक पिक्सेल करत काढायचा. लांबची भिंत लांब दिसावी म्हणून प्रत्येक पिक्सेलमागे एक भागाकार लागतो, आणि भागाकार ही प्रोसेसरसाठी महागडी क्रिया. म्हणून क्वेकच्या प्रोग्रॅमरांनी युक्ती काढली: खरा भागाकार दर १६ पिक्सेलनंतर एकदाच करायचा, मधले पिक्सेल अंदाजाने भरायचे. पेंटियम प्रोसेसर एकीकडे तो भागाकार करत राहायचा आणि दुसरीकडे मागचे पिक्सेल रंगवत राहायचा. इतकी काटकसर करूनही बहुतेकांच्या मशीनवर गेम ३२० बाय २०० एवढ्या लहान चित्रातच खेळावा लागे.

आता साधा हिशोब करा. ६४० बाय ४८० चं चित्र म्हणजे ३,०७,२०० पिक्सेल. सेकंदाला ३० चित्रं हवी असतील तर सेकंदाला ९२ लाखांवर पिक्सेल. प्रत्येकासाठी भिंतीवरचा नक्षीचा रंग वाचायचा, उजेड-सावली लावायची, पुढे काही आड येतंय का ते बघायचं. पण या कामात एक गंमत आहे, आणि पुढचा सगळा इतिहास या गमतीवर उभा आहे: शेजारच्या पिक्सेलचं उत्तर काय आलं हे या पिक्सेलला माहीत असण्याची गरज नसते. हजार माणसं हजार पिक्सेल एकाच वेळी रंगवू शकतात, एकमेकांशी न बोलता.

थ्रीडीएफएक्स या कंपनीने नेमकं हेच काम करणारं व्हूडू ग्राफिक्स कार्ड १९९६ मध्ये आणलं. त्याचे संस्थापक सिलिकॉन ग्राफिक्समधून आलेले होते. तिथे हेच तंत्र लाखांच्या वर्कस्टेशनमध्ये वापरलं जायचं. ते घरगुती कार्डात का उतरू शकलं? त्याचं उत्तर हुशारीत कमी आणि बाजारभावात जास्त आहे. १९९६ मध्ये मेमरी चिपचे भाव कोसळले. ४ मेगाबाइट मेमरी असलेलं कार्ड सुमारे ३०० डॉलरला विकणं परवडायला लागलं. तंत्रज्ञानाच्या इतिहासात "कोणाला सुचलं" यापेक्षा "कधी परवडलं" हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. तुमच्या प्रबंधातही तो विचारून बघा.

व्हूडू कार्ड मला वैयक्तिक आवडतं ते त्याच्या जोडणीमुळे. हे कार्ड साधं, रोजचं चित्र दाखवतच नसे. तुमच्या मशीनमधलं जुनं कार्ड तसंच ठेवायचं, शेजारच्या पीसीआय स्लॉटमध्ये व्हूडू बसवायचं, आणि जुन्या कार्डातून निघालेली छोटी केबल व्हूडूला लावून मॉनिटरची केबल व्हूडूतून काढायची. गेम सुरू झाला की व्हूडू चित्राचा ताबा घेणार, गेम बंद झाला की परत जुन्या कार्डाकडे सोपवणार. ऑर्किड कंपनीच्या कार्डात यासाठी खरोखरचे रिले होते, ते बदलताना टक् असा आवाज यायचा. म्हणजे जुनं काही फेकायचं नाही. १९९७ च्या जानेवारीत क्वेकची या कार्डांसाठीची आवृत्ती आली, आणि त्याच जुन्या पेंटियमवर तोच गेम मोठ्या, गुळगुळीत चित्रात चालायला लागला. अपग्रेड या शब्दाला गेम खेळणाऱ्यांच्या जगात जे वजन आलं ते इथून.

मग स्लॉट बदलत गेले. पीसीआय स्लॉटची क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट, आणि तीही डिस्क कंट्रोलर, नेटवर्क कार्ड यांच्यासोबत वाटून घ्यायची. १९९७ मध्ये इंटेलने ग्राफिक्ससाठी स्वतंत्र एजीपी स्लॉट बाजारात आणला. १९९९ मध्ये एन्व्हिडियाचं जीफोर्स २५६ आलं. कोपऱ्यांची जागा काढण्याचं गणित, जे तोवर प्रोसेसर करायचा, ते याने कार्डावर घेतलं. कंपनीने त्याला जीपीयू म्हटलं आणि ते नाव रुळलं. थ्रीडीएफएक्स २००० च्या शेवटी बुडाली आणि तिची मालमत्ता एन्व्हिडियानेच विकत घेतली. हा सगळा भाग तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, म्हणून मी भरभर पुढे जातो.

थांबायचं ते २००२ पाशी. तोपर्यंतच्या कार्डांमध्ये रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा प्रत्येकी ० ते २५५ मधला एक पूर्णांक. डोळ्याला तेवढं पुरतं. पण हवेचा दाब, विद्युतक्षेत्र, रेणूवरचं बल या राशी ० ते २५५ मध्ये कशा मावणार? दोन-चार पायऱ्यांतच चूक उत्तराएवढी मोठी होते. २००२ च्या ऑगस्टमध्ये एटीआयचं रेडिऑन ९७०० प्रो आलं आणि त्यात पिक्सेलचं गणित दशांश चिन्ह सरकवता येणाऱ्या, म्हणजे फ्लोटिंग पॉइंट संख्यांमध्ये करता यायला लागलं. हे केलं गेमसाठी: सूर्याचा झगमगाट आणि गुहेतला अंधार एकाच चित्रात नीट दिसावा म्हणून. शिवाय पिक्सेलवर कोणतं गणित करायचं याचा छोटा प्रोग्रॅम आता गेम लिहिणारा स्वतः देऊ शकत होता.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मार्क हॅरिस नावाचा एक पीएचडीचा विद्यार्थी ढगांवर काम करत होता. ढग कसे तयार होतात आणि दिसतात याचं सिम्युलेशन, तेही डोळ्यांदेखत चालणारं. त्याने आणि त्याच्यासारख्या काही जणांनी कार्डाला चक्क फसवलं. आपलं मॅट्रिक्स हे जणू भिंतीवरची नक्षी आहे असं सांगून कार्डात चढवायचं. मग कार्डाला सांगायचं, "पडद्याएवढा एक आयत काढ." आयतातला प्रत्येक पिक्सेल रंगवताना कार्ड तुमचा छोटा प्रोग्रॅम चालवतं, आणि "रंग" म्हणून जी संख्या येते ती तुमच्या उत्तरातली एक संख्या असते. चित्र काढण्याचं सोंग घेऊन गणित! या प्रकाराला जीपीजीपीयू हे नाव हॅरिसनेच २००२ मध्ये दिलं.

युक्ती भन्नाट होती, पण दोन अडचणी होत्या. पहिली अडचण परत स्लॉटचीच. एजीपी हा गेमसाठी बनवलेला रस्ता. गेममध्ये माल एकाच दिशेने जातो, प्रोसेसरकडून कार्डाकडे, आणि तिथून मॉनिटरवर. कार्डाकडून उत्तर परत मागणारा गिऱ्हाईक कोणी नव्हताच. त्यामुळे एजीपी जाताना वेगवान आणि येताना रखडत, जवळजवळ जुन्या पीसीआयच्याच चालीने. गेमवाल्याला हे कधी जाणवलंही नसेल. संशोधकाला मात्र उत्तर परत हवंच असतं! २००४ पासून पीसीआय एक्स्प्रेसचे बोर्ड बाजारात आले. त्याच्या १६ मार्गिकांच्या स्लॉटमध्ये जायला सेकंदाला ४ गिगाबाइट आणि यायलाही ४ गिगाबाइट. गेमच्या वेगात या बदलाने सुरुवातीला फारसा फरक पडला नाही. पण संशोधनासाठी माझ्या मते हा बदल कुठल्याही नव्या चिपइतकाच महत्त्वाचा होता, आणि लोकप्रिय इतिहासात त्याला एक ओळही मिळत नाही.

दुसरी अडचण भाषेची. तुम्हाला क्वार्कचं गणित करायचंय आणि त्यासाठी आधी पोत, आयत, कॅमेरा शिका. २००६ साली बुडापेस्ट आणि वुप्पर्टालशी संबंधित भौतिकशास्त्रज्ञांनी एक शोधनिबंध लिहिला, त्याचं शीर्षकच "लॅटिस क्यूसीडी अ‍ॅज अ व्हिडिओ गेम". प्रोटॉनच्या आतल्या बलांचं सिम्युलेशन ग्राफिक्स कार्डावर कसं करायचं हे त्यात कण-भौतिकीवाल्यांना समजेल असं सांगितलंय, नमुन्याचा कोडही दिलाय, आणि काम कटकटीचं आहे हेही मोकळेपणाने मान्य केलंय. संशोधन सुरू करणाऱ्याने हा निबंध वाचावा. विषय कळला नाही तरी चालेल, दुसऱ्या क्षेत्राचं हत्यार आपल्या लोकांना कसं समजावून द्यावं याचा तो नमुना आहे.

भाषेची अडचण सोडवणारा माणूसही पीएचडीचाच विद्यार्थी. स्टॅनफर्डमध्ये इयन बक आणि सहकाऱ्यांनी ब्रूक नावाची भाषा केली, २००४ मध्ये सिग्राफ परिषदेत मांडली. त्यात पोत-आयत काही नाही, सरळ आकड्यांचे प्रवाह. बक पुढे एन्व्हिडियात गेला आणि तिथून कूडा आली. ८ नोव्हेंबर २००६ ला जीफोर्स ८८०० जीटीएक्स या गेमिंग कार्डासोबत तिची घोषणा झाली आणि २००७ च्या मध्यात पहिली आवृत्ती मिळाली. या कार्डात १२८ छोटे प्रोसेसर आणि ७६८ मेगाबाइट मेमरी होती. आता सी भाषा येणारा कोणीही विद्यार्थी कार्डाशी सरळ बोलू शकत होता.

ही गोष्ट हल्ली एका कंपनीच्या दूरदृष्टीची कथा म्हणून सांगतात. मला ती तशी पटत नाही. दूरदृष्टी होती, नाही असं नाही. पण खगोलशास्त्रज्ञांकडे त्याआधीच वेगळी उदाहरणं होती. टोकियो विद्यापीठात १९८९ पासून ग्रेप नावाची यंत्रं बनत होती, फक्त ताऱ्यांमधलं गुरुत्वाकर्षण मोजण्यासाठी. उत्तम यंत्रं. पण एका कामासाठी बनवलेल्या चिपचा सगळा खर्च थोड्या खगोलशास्त्रज्ञांना उचलावा लागतो. ग्राफिक्स कार्डाचा खर्च गेम खेळणारे उचलत होते, दर दोन-तीन वर्षांनी, आपापल्या खिशातून. आपल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये नवं कार्ड बसवणाऱ्या त्या पोरांनी नकळत विज्ञानाला अनुदान दिलं. असं अनुदान मागायला कोणत्याही समितीसमोर प्रपोजल ठेवावं लागलं नाही.

त्या वर्षांत "शंभरपट वेग" अशी वाक्यं शोधनिबंधांत सर्रास दिसायची. इथे जरा सावध. २०१० मध्ये इंटेलच्या संशोधकांनी आयएससीए परिषदेत या शंभरपटीचीच झाडाझडती घेतली. दोन्हीकडचा कोड नीट घासूनपुसून घेतला तर जीटीएक्स २८० हे कार्ड कोअर आय७ ९६० प्रोसेसरपेक्षा सरासरी अडीचपटच वेगवान ठरलं. बऱ्याच जणांनी कार्डासाठी कोड जीव तोडून लिहिला होता आणि तुलनेला प्रोसेसरवर एकाच कोअरचा ओबडधोबड कोड घेतला होता. आता इंटेल प्रोसेसर विकते, तेव्हा तिचाही यात स्वार्थ आहेच. दोन्ही बाजूंचे निबंध समोरासमोर ठेवून वाचा. वेगाचा दावा दिसला की पहिला प्रश्न विचारायचा: कशाच्या तुलनेत?

२०१२ ची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. टोरोंटो विद्यापीठातला अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, सोबत इल्या सुत्स्केव्हर आणि मार्गदर्शक जेफ्री हिंटन. बारा लाख चित्रं ओळखायला शिकणारं त्यांचं नेटवर्क जीटीएक्स ५८० या दोन गेमिंग कार्डांवर पाच-सहा दिवसांत शिकलं. इमेजनेट स्पर्धेत पहिल्या पाच अंदाजांतली चूक त्यांनी १५.३ टक्क्यांवर आणली, दुसऱ्या क्रमांकाची २६.२ टक्के होती. पण मला त्यातला वेगळा तपशील महत्त्वाचा वाटतो. दोन कार्डं का? कारण एका कार्डात फक्त ३ गिगाबाइट मेमरी होती आणि नेटवर्क त्यात मावत नव्हतं. म्हणून त्यांनी नेटवर्कच मधून चिरलं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. निबंधातल्या आकृतीत दोन समांतर रांगा दिसतात त्या यामुळे. कार्डाची किंमत आणि मेमरी यांनी विज्ञानाच्या आकृतीचा आकार ठरवला.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर जुन्नर तालुक्यात खोडदला जा. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. प्रत्येक तबकडीचा संकेत दुसऱ्या प्रत्येकीशी जुळवून बघायचा, म्हणजे ४३५ जोड्या, आणि हे सगळं संकेत येत असतानाच. दुर्बिणीचं नूतनीकरण केलं तेव्हा तबकड्या त्याच ठेवल्या. रिसीव्हर बदलले, आणि मागची गणनाव्यवस्था ग्राफिक्स प्रोसेसरवर नेली. एका वेळी ऐकता येणारा पट्टा आधी ३२ मेगाहर्ट्झचा होता, तो ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. तिथली कार्डं गेमिंगची नव्हेत, सर्व्हरची आहेत. पण वंशावळ तीच, आणि जुन्या सांगाड्यात नवं कार्ड ही कल्पनाही तीच!

आता तुमच्या डेस्कटॉपकडे येऊ. वरचा इतिहास वाचला असेल तर "पण" कुठे कुठे येणार हे तुम्हालाच कळेल.

स्लॉट हा पहिला. पीसीआय एक्स्प्रेस मागे-पुढे जुळतं, नवं कार्ड जुन्या बोर्डात बसतं. पण बसणं आणि धावणं वेगळं. २०२२ च्या जानेवारीत आलेलं रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी बघा. दिसायला पूर्ण लांबीच्या स्लॉटचं, आत मार्गिका फक्त ४. चौथ्या पिढीच्या बोर्डवर त्याला सुमारे ८ गिगाबाइट प्रतिसेकंद मिळतात, तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डवर सुमारे ४. त्यात कार्डाची स्वतःची मेमरी ४ गिगाबाइटच. ती भरली की माल सारखा स्लॉटमधून ने-आण करावा लागतो, आणि मग जुन्या बोर्डवर गेम अडखळतात. म्हणजे स्वस्त कार्ड जे जुन्या मशीनवाल्यानेच घ्यायचं, ते जुन्या मशीनवरच सर्वात कमी चालतं.

मग वीज. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यापुढे सहा पिनांची केबल आणखी ७५, आठ पिनांची १५०. ऑफिसातून निवृत्त झालेल्या डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायला या केबल बहुधा नसतातच. म्हणूनच २०१४ चं जीटीएक्स ७५० टीआय अशा मशीनवाल्यांचं लाडकं झालं. त्याची भूक ६० वॅट, वेगळी केबल लागत नाही. कॅबिनेटची लांबी पट्टीने मोजा, हे सांगायला इतिहास लागत नाही.

सर्वात जास्त फसगत होते ती प्रोसेसरपाशी. गेममध्ये प्रोसेसर पुढचं चित्र मांडून देतो आणि कार्ड ते रंगवतं. दोघं एकाच वेळी आपापल्या चित्रावर काम करतात, म्हणून वेग हळू चालणाऱ्याचा. समजा तुमच्या प्रोसेसरला एका चित्रामागे २० मिलिसेकंद लागतात आणि जुन्या कार्डाला ४०. सेकंदाला २५ चित्रं मिळतात. पाचपट वेगवान कार्ड आणलं, ते ८ मिलिसेकंदांत काम उरकतं. तरी चित्रं मिळणार ५०, कारण प्रोसेसर २० च्या खाली येत नाही. पाचपट कार्ड, दुप्पट गेम. कार्डांच्या चाचण्या मुद्दाम सर्वात वेगवान प्रोसेसरवर घेतात, त्यामुळे हे त्या आलेखांत दिसत नाही. संशोधनाच्या कामात हाच हिशोब अ‍ॅमडालच्या १९६७ च्या नियमाने येतो. १०० मिनिटांच्या प्रोग्रॅममधली ८० मिनिटं कार्डाने ४ वर आणली तरी उरलेली २० मिनिटं तशीच, एकूण २४. वीसपटीचं चारपट झालं. कार्डाचे पैसे गोळा करण्याआधी आपल्या प्रोग्रॅमची ती २० मिनिटं मोजून ठेवा.

आणि शेवटचा "पण", जो गेमवाल्याला उशिरा लागतो आणि आपल्याला लवकर. कार्ड चांगलं असतं, पण सॉफ्टवेअर त्याला सोडून देतं. क्रिझेव्हस्कीचं जीटीएक्स ५८० २०१७ च्या कूडा ९ मधून वगळलं गेलं. ७५० टीआयच्या पिढीला २०२५ च्या कूडा १३ ने निरोप दिला, सोबत तिच्यापुढच्या पास्कल पिढीलाही. जुनी कार्डं स्वस्तात मिळतात, विशेषतः सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर तर ढिगाने बाजारात आली. घेताना दोन गोष्टी पाहा: मेमरी किती, आणि तुम्हाला लागणाऱ्या लायब्ररीची कोणती आवृत्ती त्या पिढीला अजून चालते. फेलोशिपच्या कंटिन्जन्सीतून विभागासाठी घेणार असाल तर आणखी एक. २०१७ च्या शेवटी एन्व्हिडियाने जीफोर्सच्या ड्रायव्हर परवान्यात डेटा सेंटरमधल्या वापरावर बंदी घातली. टेबलाखालचा डेस्कटॉप त्यात येत नाही. पण विद्यापीठाच्या सर्व्हर रूममध्ये गेमिंग कार्डांची रांग लावायचा बेत असेल, तर खरेदीच्या फाइलवर सही होण्याआधी तो परवाना उघडून वाचा.